पेपर, हंगाम आणि अडलेलं तिसरं प्रकरण

*"मी नागपुरात दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. २०२३ मध्ये पीएच.डी.ला नोंदणी झाली. विषय पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवरच्या स्त्री कलावंतांचा. दोन प्रकरणं कशीबशी झाली, तिसरं आठ महिन्यांपासून अडलं आहे. सकाळी साडेसातला पहिला तास, दुपारी दुसरं कॉलेज, संध्याकाळी चौथीतल्या मुलाचा अभ्यास. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. लोकमान्य नगर ते बर्डी मेट्रोने जाते-येते, तेवढाच वेळ माझा. दिवाळीच्या सुटीत लिहीन म्हटलं तर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटकांचा हंगाम सुरू होतो, मग हिवाळी परीक्षा, मग पेपर तपासणी. मैत्रीण म्हणते, पहाटे चारला उठ. तीन दिवस उठले, चौथ्या दिवशी वर्गात डोळे मिटायला लागले. आता तर ती फाइल उघडायचीच भीती वाटते. मी ज्या नट्यांना भेटले त्या हंगामाचा हिशेब नाटकांच्या आकड्यावर करत नाहीत, मुलांच्या शाळेच्या फीवर करतात. त्या एवढे कष्ट करतात आणि माझ्याच्याने एक पान लिहवत नाही, याची लाज वाटते."*

*एक प्राध्यापिका, नागपूर*

प्रिय ताई,

लाज हा शब्द आधी खोडा. वडशाच्या नट्या कष्ट करतात हे खरंच, पण तुमच्या पत्रातला दिवस मी कागदावर मांडून पाहिला. साडेसातच्या तासासाठी साडेसहा-पावणेसातला घर सोडायचं, म्हणजे डबे, दूध, सासूबाईंचं औषध हे सगळं त्याच्या आधी. रात्री ओटा आवरेपर्यंत साडेदहा-अकरा होतच असणार. या दिवसात आळसाला शिरायला फट नाही. तुमचं अडलं आहे ते दुसऱ्याच ठिकाणी.

पहाटे चारचं आधी मिटवू. अकराला आडव्या होणाऱ्या बाईने चारला उठायचं म्हणजे पाच तासांची झोप, तीही सलग मिळाली तर. एवढ्या झोपेवर दोन कॉलेजं आणि एक घर निभत नाही. तुमच्या शरीराने चौथ्या दिवशी जे सांगितलं ते बरोबर होतं. मैत्रिणीचं तसं चालत असेल तर तिचं भलं होवो. तुम्ही झोपा.

आता मुख्य गोष्ट. ती मला पुस्तकातून कळली नाही, स्वतःचा प्रबंध अर्धवट ठेवून कळली.

माझा विषय होता वऱ्हाडातल्या जात्यावरच्या ओव्यांचा. संगणक घरी नव्हता, टिपणं कार्डांवर लिहायची आणि कार्डं बुटांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायची. काम चांगलं चाललं होतं आणि वडिलांना अर्धांगवायू झाला. चौदा महिने मी त्या खोक्यांना हात लावला नाही. वडील गेल्यावर पुन्हा बसले, तेव्हा वाटलं होतं की जिथे सोडलं तिथून उचलायचं. पहिलंच कार्ड हातात आलं, त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : "सगळ्यात महत्त्वाचं. तुलना करणे." खाली दोन रेघा मारलेल्या. कशाची तुलना, कशाशी, एक अक्षर नाही. लिहिताना ते इतकं उघड होतं की लिहायची गरजच वाटली नसेल. त्या कार्डाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही, आणि तो मुद्दा माझ्या प्रबंधात कुठेच नाही. पूर्वीच्या जागी परत पोचायलाच मला सहा आठवडे लागले, त्या सहा आठवड्यांत नवीन एकही परिच्छेद झाला नाही.

चौदा महिन्यांत लिहायचं राहिलं त्याचं मला दुःख नव्हतं. वडिलांजवळ बसणं मला हवंच होतं. नुकसान झालं ते वाट मोडल्याचं. जंगलातली पायवाट रोज दोन माणसं चालली तरी राहते, आणि एक पावसाळा कोणी गेलं नाही की तिथे वाट होती हेही कळत नाही. म्हणून धावपळीच्या दिवसांत किती पानं झाली हे मोजूच नका. त्या दिवसांचं काम एवढंच की वाट मोडू द्यायची नाही. पानं मोकळ्या दिवसांत होतील. तुमच्या आठ महिन्यांतलं खरं ओझं न लिहिलेल्या पानांचं नाही, फाइल उघडल्यावर "मी इथे काय म्हणत होते?" या प्रश्नाला उत्तर नसण्याचं आहे. भीती त्याचीच वाटते.

यावर अभ्यासही झाले आहेत. रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात प्राध्यापकांच्या लिहिण्याच्या सवयी वर्षानुवर्षं पाहिल्या. मोठ्या सुटीची वाट पाहून मग एकदम तुटून पडणाऱ्यांपेक्षा रोज थोडा थोडा वेळ लिहिणाऱ्यांच्या हातून काम जास्त झालं, असं त्यांना आढळलं. यावरूनच "रोज लिहा" हा मंत्र सगळीकडे गेला. पण पुढे न्यूझीलंडच्या हेलन सोर्ड यांनी शंभर नावाजलेल्या अभ्यासकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांत रोज नेमाने लिहिणारे थोडेच निघाले. कोणी सुटीत लिहितं, कोणी आठवड्यातून दोनदा, कोणी रात्री. मला दोघांचंही पटतं. रोज लिहिलं नाही म्हणून कोणाचा प्रबंध बुडत नाही, विषयाशी बोलणं तुटलं की बुडतो.

तर तुमची मेट्रो. लोकमान्य नगर हे टोकाचं स्टेशन, सकाळी बसायला जागा मिळत असणार. पर्समध्ये मावेल अशी एक वही घ्या, फक्त या कामाची. गाडी सुटली की उघडायची, सुभाष नगर मागे पडून अंबाझरी तलावाचं पाणी दिसायला लागेपर्यंत लिहायचं, मग बंद. बर्डीपर्यंत लिहू नका. उरलेली स्टेशनं बाहेर बघा, तासाचा विचार करा. मुद्दाम थोडं लवकर थांबायला सांगते आहे, कारण अजून म्हणायचं शिल्लक असताना वही मिटली की दुसऱ्या दिवशी ती उघडायला जड जात नाही.

काय लिहायचं? शोधनिबंधाची भाषा नको. "काल त्या बाई म्हणाल्या की नाटक कंपनीचा मालक हंगामाआधी उचल देतो. ही उचल आणि फी यांचा संबंध मी कुठे मांडते? दुसऱ्या प्रकरणात नाही. तिसऱ्यात हवा." असं, स्वतःशी बोलल्यासारखं. पाच ओळी पुरेत. आणि मिटण्याआधी एक ओळ न चुकता : उद्या काय. ती ओळ अनोळखी माणसाला कळेल अशी पूर्ण लिहा. "तुलना करणे" असं लिहू नका. "वडशाच्या कंपनीत आलेली नागपूरची नटी आणि गावातलीच नटी, या दोघींना मिळणाऱ्या उचलीची तुलना" असं लिहा. सहा महिन्यांनी वही उघडणारी बाई अनोळखीच असते.

संध्याकाळी बर्डीहून परतताना उभं राहावं लागत असेल, हातात वही धरवणार नाही. तेव्हा कानाला इअरफोन लावून मुलाखत ऐका. फक्त ऐका. आणि इथे जरा थांबून बोलते, कारण मला वाटतं तुमचं तिसरं प्रकरण खरं इथे अडलं आहे.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण नट्यांना भेटलात म्हणजे तासन्‌तास रेकॉर्डिंग असणार. आणि "आधी सगळ्या मुलाखती उतरवून काढते, मग लिहिते" असं तुम्ही मनाशी ठरवलं असण्याची शक्यता फार मोठी आहे. माझ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थिनीने ते ठरवलं होतं. एका तासाची मुलाखत कागदावर उतरवायला चार-पाच तास सहज लागतात. झाडीबोलीत असेल, मागे तालमीचा गलका असेल तर आणखी. वीस मुलाखती म्हटल्या तर शंभर तासांचं काम तुम्ही पहिल्या वाक्याच्या आधी आणून ठेवलं. तुमच्या आयुष्यात सध्या शंभर तास नाहीत, म्हणून पहिलं वाक्यही नाही.

ही अट काढून टाका. प्रत्येक रेकॉर्डिंगची एक यादी करा : कितव्या मिनिटाला कशाबद्दल बोलणं आहे. "१२ : लग्नानंतर रंगमंचावर परत येणं. १९ : उचल. ३१ : मुलीची शाळा." मेट्रोत ऐकताना मिनिट लक्षात ठेवायचं आणि घरी पोचल्यावर दोन शब्दांत टिपायचं. शब्दशः उतरवायचं ते फक्त जे प्रबंधात घेणार तेवढंच, आणि तेही लिहिता लिहिता, गरज पडेल तसं. मूळ रेकॉर्डिंग मात्र दोन ठिकाणी जपून ठेवा. तुमचं स्वतःचं म्हणणं असेल तर फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टंकता येतं, पोळ्या लाटतानाही येतं. मुलाखतींसाठी तो उपाय वापरू नका. झाडीबोलीतले शब्द फोन प्रमाण मराठीत फिरवून टाकतो आणि तुमच्या अभ्यासात तर ते शब्दच मोलाचे आहेत.

यातून दुसरी गोष्ट ओघाने आलीच. प्रबंधाचं सगळं काम एका जातीचं नसतं. काही कामं ताज्या डोक्याची : मुद्दा मांडणं, परिच्छेद रचणं. काही थकल्या हातानेही होतात : संदर्भसूची नीट करणं, तळटीपा, नावांची यादी, छायाचित्रांना तारखा घालणं. बहुतेक जण उलटं करतात. सकाळचा चांगला वेळ सूचीला देतात, कारण ती करताना भीती वाटत नाही, आणि रात्री साडेदहाला मुद्दा मांडायला बसतात. मग रडू येतं. तुमच्याकडे सकाळची मेट्रोतली थोडी मिनिटं ताजी आहेत, ती लिहायला. रात्री मूल त्याचा गृहपाठ करत असेल तेव्हा त्याच टेबलावर समोर बसून सूची करा. त्याचे पाढे, तुमच्या तळटीपा. आई आपल्याला नुसतं बसवत नाही, स्वतःही बसते, हे त्यालाही दिसेल.

आणि मोकळे दिवस? ते शोधायला नागपूरचं वर्ष डोळ्यांसमोर आणावं लागेल. तुम्ही दिवाळीवर भिस्त ठेवली होती, पण तुमच्या विषयासाठी ती सगळ्यात वाईट वेळ. हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. त्याच काळात हिवाळी परीक्षा, डिसेंबरात अधिवेशन, मोर्चे, बंद रस्ते, घरी आलेले पाहुणे. या महिन्यांत प्रकरण लिहिणार नाही असं ठरवूनच टाका. हिवाळा हिंडण्याचा आणि टिपणं काढण्याचा. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं, म्हणजे परतीच्या एसटीत तुम्ही झोपणारच. झोपा. पण ब्रह्मपुरी सोडण्याआधी दहा मिनिटं वही काढा आणि जे ऐकलं-पाहिलं ते ओबडधोबड उतरवा. उमरेड येईपर्यंत त्यातलं अर्धं पुसलं जातं.

लिहिण्याचे काळ माझ्या मते दोन. एक जुलैपासून पोळ्या-मारबतीपर्यंतचा (म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंतचा), जेव्हा तास असतात पण परीक्षा नसतात. दुसरा मे-जून. पेपर तपासणी उरकली की पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तसंही कोणी दारात येत नाही, पडदे ओढून कूलरसमोर बसलं की दोन-तीन तास मिळतात. तासिका नसतात तेव्हा मानधनही नसतं, आणि त्या काळजीत लिहायला बसणं सोपं नसतं, हे मी विसरलेले नाही. तरीही तुमच्या वर्षात सलग बसता येईल अशी जागा मला तीच दिसते. मे महिन्यात बसाल तेव्हा हाताशी हिवाळ्याच्या वह्या असतील. रिकाम्या फाइलसमोर बसावं लागणार नाही.

पेपर तपासणी नाकारा असं मी म्हणणार नाही. ते पैसे घराला लागतात. मात्र ज्याचे पैसे नाहीत आणि जे तुमच्या तासिकांत येत नाही असं कॉलेजातलं काम, समारंभाचं सूत्रसंचालन, अहवालाची टायपिंग, कोणाची तरी स्मरणिका, त्यातलं एका सत्रात एक तरी नाकारा. पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही या धास्तीने तासिकेवरची माणसं सगळ्याला हो म्हणतात. धास्ती खोटी नाही, म्हणून एकच सांगते. "या महिन्यात प्रगती अहवाल आहे, मला जमणार नाही" एवढं वाक्य पुरतं.

प्रगती अहवालावरून आठवलं. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे जावं लागतं, त्याची धास्ती घेण्याऐवजी त्याचा उपयोग करून घ्या. त्याच्या महिनाभर आधी मार्गदर्शकांना दोन पानं द्यायची. प्रकरण नाही, दोनच पानं, कच्ची. तुम्हाला वाटत असेल आठ महिने तोंड दाखवलं नाही, आता कोणत्या तोंडाने जाऊ. मी अनेक वर्षं मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसले आहे. न येणाऱ्या विद्यार्थिनीचा राग येत नाही, काळजी वाटते, आणि ती दोन पानं घेऊन दारात उभी राहिली की बरं वाटतं.

मुदतीचंही एकदा नीट पाहून ठेवा, म्हणजे रात्री दचकून जाग येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, स्त्रियांना त्यावर आणखी दोन. म्हणजे २०२९ तुमची पहिली सीमा. त्याच नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का ते विचारून घ्या, पण पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांमागे या दिवसांत एक रुपया आणि एक संध्याकाळही घालवू नका.

घरचं. मुलाच्या वडिलांचा उल्लेख पत्रात नाही, म्हणून काही गृहीत धरत नाही. घरात दुसरं मोठं हिंडतं-फिरतं माणूस असेल तर त्याच्याकडे रविवारी सकाळचे दोन तास मागा, आणि "जमलं तर" असं म्हणून मागू नका. त्या दोन तासांत घरातल्या घरात बसलात तर कुकरची शिटी तुम्हालाच ऐकू येईल. बाहेर पडा. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ तुमच्या मेट्रोच्याच वाटेवर आहे, कॉलेजचं ग्रंथालय उघडं असेल तर तेही चालेल, मैत्रिणीची रिकामी खोलीही चालेल. सासूबाईंना मात्र आपण कशासाठी जातो ते बसून सांगा. विषय सांगा, नट्यांबद्दल सांगा. पूर्वी पुरुष लुगडी नेसून बायकांच्या भूमिका करायचे तिथपासून सांगा. त्या अंथरुणावर आहेत, दिवस लांब आहे, त्यांनाही ऐकायला आवडेल. माझ्या आईला माझ्या प्रबंधातलं काही कळत नसे, पण "आज किती ओव्या झाल्या?" असं ती रोज विचारायची.

काही आठवडे असे येतील की मेट्रोतली वहीसुद्धा उघडली जाणार नाही. मूल तापाने फणफणलं असेल, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असेल. त्या आठवड्याची भरपाई करायला जाऊ नका. राहिलेली पानं पुढच्या आठवड्यावर चढवली की तो आठवडाही मोडतो. ज्या दिवशी गाडीत बसायला मिळेल त्या दिवशी मागची "उद्या काय" ओळ वाचा आणि तिथून पाच ओळी लिहा.

तुमचा विषय मला फार मोलाचा वाटतो, हेही सांगायचं आहे. तुमची नोंदणी झाली त्याच वर्षी झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि एरवी वडसा नकाशावर न शोधणाऱ्या लोकांनीही या रंगभूमीचं नाव घेतलं. पण तिथल्या बायका कशा येतात, काय कमावतात, घरी परतल्यावर त्यांचं काय होतं, हे जवळून विचारणारं कोणी हवं होतं. तुम्ही विचारलं आहे, त्यांनी तुम्हाला सांगितलं आहे.

म्हणून आठ महिन्यांची ती जुनी फाइल सध्या उघडूच नका. पहिल्यापासून वाचत सुधारत बसाल आणि तिसऱ्या पानावर थकाल. नवी वही घ्या, सोमवारी सकाळी लोकमान्य नगरला गाडीत बसा. पहिलं वाक्य शोधायची गरज नाही, ते तुम्ही मला पत्रात लिहून पाठवलं आहे, लाजेच्या वाक्याच्या अगदी आधी. ते इथे उतरवून परत देते, तसंच वहीत घ्या आणि त्याखाली लिहा की हे तुम्हाला सगळ्यात आधी कोणी, कुठल्या गावात, कशावरून सांगितलं :

"मी ज्या नट्यांना भेटले त्या हंगामाचा हिशेब नाटकांच्या आकड्यावर करत नाहीत, मुलांच्या शाळेच्या फीवर करतात."